एका मिनिटाची फेरी

चंदनसार, विरार पूर्व
१४ जुलै

निमू,

तुझ्या बाबाने मला फोन करायला बंदी केली आहे. "त्याच्या कानात कापूस आहे आणि त्याला तुझा आवाज ऐकायचा नाही," असं तो म्हणाला. यातलं पहिलं कारण डॉक्टरांचं आणि दुसरं बाबाचं, असं मी धरून चालले आहे. म्हणून हे पत्र. फेबियन अंकल आठवड्यातून तीनदा केळी आणि भाजी घेऊन विरारला येतातच. तू आणि बाबा गेलात त्या आजीच्या वाडीला लागून त्यांची वाडी, तेव्हा नंदाखालला पोचवायला त्यांच्याहून भरवशाचं माणूस कोण? त्यांच्या टेम्पोतून हे तुझ्यापर्यंत येईल. वाच किंवा केळीच्या बुंध्यात पुरून टाक, तुझी मर्जी.

इकडचं सांगते. तू पडलास त्याच संध्याकाळी बाबा तुझे कपडे न्यायला हॉस्पिटलमधून घरी आला. कपाट न उघडता आधी बाल्कनीतला घड कापायचा कोयता घेतला आणि गच्चीवर आपल्या बॉक्सिंगच्या शेडमध्ये गेला. मी मागोमाग गेले. त्याने पंचिंग बॅगवर बारा-पंधरा वार घातले. आतल्या जुन्या चादरी, रेवाताईचे फाटके टॉप, तुझी पहिलीतली हाफपँट, सगळं कोंबडीच्या आतड्यांसारखं बाहेर लोंबायला लागलं. एक वार साखळीवर बसला आणि ठिणगी उडाली. मी अडवलं नाही. कौस्तुभच्या हातात इतकी ताकद आहे हे मला सोळा वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. खरं सांगू? थोडं कौतुकच वाटलं. मग तो माझ्याकडे वळला, कोयता हातात तसाच. "माझ्या पोराला यापुढे हात लावायचा नाही," म्हणाला. मी म्हटलं, मी कुठे लावला? एक मिनिटाची फेरी होती, नेहमीसारखी. मी थाळी वाजवणार एवढ्यात रेवाचा ठोसा बसला. खेळात होतं असं.

तेच तुलाही लिहिते. हेडगार्ड जुनं होतं, पावसाने सैल झालं होतं, आणि रेवा त्या दिवशी चिडलेली होती. दैव खराब. कानाचा पडदा फाटला आहे, आतलं बारीकसं हाड हललं आहे, दोन महिन्यांनी ऑपरेशन करून बघू, असं डॉक्टर म्हणतात. डाव्या कानाने आता किती ऐकू येतं? मला खरा आकडा कुणी सांगत नाही.

बारा वर्षांच्या मुलाला असं काही लिहू नये म्हणतात. पण मुलांसमोर बोलू नये ते सगळं आपण जेवताना बोलत आलो आहोत. आता का थांबायचं?

आई

२१ जुलै

निमू,

उत्तर नाही. ठीक आहे. गार्ड वर ठेवून उभा राहण्यात तू आधीपासूनच पटाईत.

आजीने फेबियन अंकलकडे निरोप पाठवला आहे: "सुनेला सांग, आई व्हायचं असेल तर आई हो, पैलवान व्हायचं असेल तर पैलवान हो." आनंदीबाईंचं मला हेच आवडतं, आडपडदा नाही. पण हा निरोप मी पंधरा वर्षं ऐकते आहे आणि पंधरा वर्षं माझं डोकं फिरतं आहे. रेवा झाली तेव्हा दवाखान्यातल्या आयाबाईपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे म्हणाले, आता सोड. मी अकरा महिन्यांनी रिंगमध्ये उतरले. दुसऱ्या फेरीत दूध पाझरलं आणि जर्सी दोन ठिकाणी ओली झाली. समोरची पोरगी बघतच राहिली. तिने बघितलं तेवढ्यात मी तिच्या बरगडीत डावा घातला. ती गुडघ्यावर आली. त्या दिवशी मला कळलं की मी आई झाले आहे आणि मी मीही आहे. दोन्ही एकाच अंगात मावतात.

तुला ग्लोव्हजचा नियम कसा आला हे मी कधी सांगितलं नाही. तू एक वर्षाचा, रेवा चार. तिने तुझ्या पाळण्यात कात्री टाकली. तुझ्या कानाशी दोन बोटांवर पडली. मी वळले आणि तिला थोबाडीत दिली. उघड्या हाताने. ती फ्रिजवर आपटली, ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून बाहुलीच्या फ्रॉकवर. मी माझ्या हाताकडे बघितलं तर तो माझ्या वडिलांचा हात होता. जगन्नाथ आजोबांचा फोटो तू बघितला आहेस, त्यातला कमरेचा पट्टाही बघितला असशील. तो पट्टा माझ्या पाठीला तोंडपाठ होता. मी बॉक्सिंग शिकले ते याच कारणाने, की एक दिवस तो पट्टा हवेत पकडायचा. पकडलाही, सतराव्या वर्षी. मग त्यांनी मला कधी मारलं नाही, आणि माझ्याशी कधी बोललेही नाहीत.

रेवाचा ओठ पुसताना मी नियम केला. या घरात उघड्या हाताने कुणी कुणाला मारायचं नाही. ज्याला राग आला त्याने म्हणायचं, "ग्लोव्हज घाल." समोरच्याने नाही म्हणायचं नाही. एक मिनिट. मी थाळीवर पळी मारली की दोघांनी हात खाली घ्यायचे, आणि त्या भांडणाचा विषय पुन्हा काढायचा नाही. रेवा चार वर्षांची असताना तिने माझ्या पोटावर मिनिटभर गुद्दे घातले आणि शेवटी माझ्याच मांडीवर झोपली. लोक पोरांना अंधाऱ्या खोलीत कोंडतात, दिवसचे दिवस अबोला धरतात. त्यापेक्षा माझा नियम शंभर पटीने बरा होता. आजही माझं हेच म्हणणं आहे.

फक्त तू कधी मारलं नाहीस. कोपरं बरगड्यांशी, मुठी कानाशी, आणि उभा. मिनिट संपेपर्यंत. मला त्याचा राग यायचा.

आणि चिंचोटी. मागच्या पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर चार दारुडे आडवे आले. एकाने रेवाच्या दंडाला धरलं. मी त्याचे दोन दात पाडले. तो चिखलात पडला तरी थांबले नाही, बसून मारलं, माझ्या बोटांत त्याच्या दाताची कपची रुतून बसली होती. पडलेल्याला मारायचं नाही हे मी चौदा मुलींना शिकवते. बाकीचे तिघे पळाले. मी उठले तेव्हा तू मागे उभा होतास आणि तुझी पँट ओली होती. रिक्षात मी हसले. "अरे, धबधबा तर पुढे होता," असं म्हणाले. रेवापण हसली. तू बाहेर बघत बसलास. त्या हसण्याची माफी मागते, निमू. त्यानंतर तुझी भीती घालवायची म्हणून तुला आठवड्यातून तीनदा शेडमध्ये उभं केलं. तेव्हा ते मला प्रेम वाटलं होतं.

आई

२ ऑगस्ट

निमू,

आज तुला लिहायचं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाशी बोलू?

रेवा जवळजवळ चार आठवड्यांनी क्लासला आली. मला वाटलं, आली बाई एकदाची. बोळिंजच्या एलिनासमोर उभी केली. एलिना तिच्याच वयाची, हात जड, मन मऊ. घंटा झाली. एलिनाने जॅब मारला, तो सरळ रेवाच्या नाकावर. दुसरा मारला, तोही. रेवाचे हात मांडीशी. मी ओरडले, "गार्ड!" तिने माझ्याकडे बघितलं आणि हनुवटी थोडी वर केली. एलिना बिचारी सवयीने उजवा घालून गेली. रेवाचं डोकं मागे गेलं, माउथगार्ड उडून पत्र्यावर आपटला. तरी ती उभी. दोन्ही नाकपुड्यांतून रक्त, आणि पुढे येते आहे. एलिनाने ग्लोव्हज फेकले आणि रडायलाच लागली. "मॅम, ही हातच वर करत नाही! मी नाय मारणार हिला!"

मी रेवाला खेचून बाहेर काढलं. मोरीत तोंड धुताना म्हणाली, "एका मिनिटात मी त्याला बहिरा केला, आई. एका मिनिटात. तर मला दोन मिनिटं मिळायला पाहिजेत." मी तिचं डोकं नळाखाली धरलं. पाणी लाल, मग गुलाबी. मी म्हणाले, तुझी चूक नाही. ती म्हणाली, "मग कुणाची?" मी म्हटलं, कुणाची नाही, खेळात होतं.

आता दोघी-तिघींच्या आया फोन करतात. क्लास सुरू राहणार का, सेफ आहे ना मॅम. मी सगळ्यांना तेच सांगते: नियमाप्रमाणे खेळलेली एक मिनिटाची फेरी. तुझ्या बाबालाही तेच. काल त्याचा फोन आला. म्हणाला, "अश्लेषा, एका मिनिटात हे होत असेल तर तो खेळच घाणेरडा. क्लास बंद कर, मग आपण एकत्र राहण्याचं बोलू." मी म्हटलं, मी शाळेत मास्तरीण असते तर शाळा बंद करायला सांगितली असतीस का? फोन त्याने ठेवला की मी, आठवत नाही.

क्लास गेला तर मी कोण, हे मला कळत नाही. स्वयंपाक मला येत नाही हे तू जाणतोस. तुला आणि रेवाला मी जे काही दिलं ते त्या शेडमधूनच दिलं. ते माझ्या हातून काढून घेतलं तर मी पट्टा पकडायच्या आधीची मुलगी उरेन. मला त्याची फार भीती वाटते. बघ, लिहिलं.

आई

९ ऑगस्ट

निमू,

आज सकाळी फेबियन अंकल टेम्पो खाली लावून वर आले. चहा घेतला नाही. सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "बाय, वाईट वाटून घेऊ नको, पण तुझा पोरगा मला काय बरा दिसत नाय."

मी म्हटलं, काय झालं?

"सकाळपासून ओट्यावर बसतो. आजीचं मनगटी घड्याळ मांडीवर. डोळे मिटतो, तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, मग डोळे उघडून घड्याळ बघतो. परत मिटतो. जेवायला हाक मारली तरी तेच. मी इचारलं, काय रे करतो? तर बोलला, 'अंकल, मला साठ मोजता येत नाहीत. कुठे चुकतो ते बघतोय.'"

"साठ कशाला?" मी विचारलं. मला तेव्हाच कळलं होतं, तरी विचारलं.

"तेच मी इचारलं. तर बोलला, 'ताई मारायची तेव्हा मी मनात साठ मोजायचो. साठ झाले की आई थाळी वाजवायची, म्हणून मला भीती नाही वाटायची. त्या दिवशी मी आधीच साठ केले. बराच थांबलो, वाटलं पावसात थाळी ऐकू आली नसेल, आणि हात खाली घेतले. थाळी वाजलीच नव्हती. म्हणून लागलं. ताईची काय चूक नाही.' किती येतात रे आता, मी इचारलं. 'कधी अठ्ठावन्न, कधी एकसष्ट. पण त्या दिवशी मी खूपच चुकलो असणार, अंकल.'"

फेबियन अंकल गेले. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात उभी आहे. तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं.

१० ऑगस्ट

निमू,

तू चुकला नाहीस.

तू साठ बरोबर मोजलेस. माझ्या हातातल्या मोबाईलवर स्टॉपवॉच चालू होतं. तू पडलास तेव्हा त्यावर एक मिनिट बावन्न सेकंद झाले होते. मी ते बघितलं, बोटाने पुसून टाकलं, आणि मग तुझ्याकडे धावले. आधी ते पुसलं, निमू. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

सगळं सांगते, एकदाच. तुला आठवतं तेही सांगते, म्हणजे माझं आणि तुझं जुळतं का ते तू बघशील. रेवाची जिल्ह्याच्या निवड चाचणीला जायची तयारी होती. तू बाबाला सांगितलंस की तिचं नाक तीन दिवस फुटतंय, आणि बाबाने फॉर्मवर सही केली नाही. रेवा तुला म्हणाली, "ग्लोव्हज घाल." तू माझ्याकडे बघितलंस. मी "नियम म्हणजे नियम" म्हणाले आणि थाळी घेतली. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की ओरडून बोलावं लागत होतं.

पहिले तीस सेकंद रेवा नुसती रागाने मारत होती, तिचे ठोसे फाकत होते. मग काहीतरी झालं. तिचे पाय सुटले. डावा, डावा, खाली बरगडीत, वळून वर. तिचा खांदा आणि कंबर एकत्र फिरायला लागली. जे मी तिला सहा वर्षं शिकवत होते आणि तिला येत नव्हतं, ते तिला माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. मी स्टॉपवॉचकडे बघितलं. साठ दिसले. पळी माझ्या उजव्या हातात होती. मी ती मारली नाही. मला अजून बघायचं होतं. मी विचार केला, अजून एक कॉम्बिनेशन. मग अजून एक. तू भिंतीला टेकला होतास, तिचा प्रत्येक ठोसा तुझ्या कोपरावर बसल्याचा आवाज येत होता, आणि मी तुला बघतच नव्हते. तुझ्या जागी बॅग असती तरी माझं तोंड तसंच उघडं राहिलं असतं. मी आनंदात होते. माझ्या आयुष्यातले फार थोडे क्षण इतके आनंदाचे होते, आणि हे खरं आहे.

मग तू हात खाली घेतलेस. तू तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं तू दमलास. तिचा डावा हुक आधीच निघाला होता. हेडगार्ड सरकलं होतं आणि तो सपाट कानावर बसला, पिशवी फुटल्यासारखा आवाज आला. तू पाण्याच्या पाइपवर पडलास. कानातून रक्त आलं, नळ थेंब थेंब गळतो तसं. आणि मी आधी स्टॉपवॉच पुसलं.

पस्तीस दिवस मी सगळ्यांना एक मिनिट म्हणत होते. मला वाटायचं, मी खेळ वाचवते आहे, क्लास वाचवते आहे. खेळाचं नाव मीच खराब केलं. खेळात घंटेला पंच असतो, आणि पंच मी होते. बाबा म्हणतो खेळ घाणेरडा. रेवा म्हणते मी घाणेरडी. तू म्हणतोस मला मोजता येत नाही. तिघांच्या अंगावर मी माझी गोष्ट टाकली आणि शेडला कुलूप लागू नये म्हणून गप्प बसले. माझ्या वडिलांनी निदान पट्टा पाठीमागे लपवला नव्हता.

आजीचं घड्याळ आजीला परत दे, बाळा. तू ऐंशी वेळा मोज, आठशे वेळा मोज, तुझी चूक सापडणार नाही.

हे पत्र बाबालाही वाचायला दे. तू दिलं नाहीस तर मी सांगणारच आहे.

आई

१७ ऑगस्ट

निमू,

सांगितलं.

बाबाला फोनवर. मागे आजीच्या पंपाचा आवाज येत होता. तो एवढंच म्हणाला, "आधी स्टॉपवॉच पुसलंस?" मी हो म्हटलं. "मग मी तुझ्याशी काय बोलू?" म्हणाला आणि फोन ठेवला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

क्लासमधल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना शेडमध्ये बसवून सांगितलं. चौदापैकी पाचजणींनी त्याच दिवशी नाव काढलं. एलिनाच्या आईने उठून सगळ्यांसमोर विचारलं, "मॅम, उद्या माझी पोरगी चांगली खेळायला लागली, तर तुम्ही घंटा मारणार की बघत बसणार?" मी म्हटलं, यापुढे घड्याळ माझ्या हातात नसेल, तुमच्यापैकी एक आई रोज इथे बसेल आणि तीच घंटा मारेल. एलिनाच्या आईने दुसऱ्या दिवसापासून येऊन स्टूल पुढे ओढलं. घंटा अशी बडवते की खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

क्लास मी बंद केला नाही, निमू. तुला वाटलं असेल मी शिक्षा म्हणून सोडीन. सोडला तर पुन्हा खेळालाच दोष दिल्यासारखं होईल, आणि खोटं सांगून सोडायचा नव्हता तसा खरं सांगूनही सोडायचा नाही. मला यायचं ते एवढंच येतं. हे तुला पटणार नसेल तर पटवून घेऊ नकोस.

रेवाला सगळ्यात आधी सांगितलं होतं, मुद्दाम शेवटी लिहिते. ती ऐकत होती, नखं खात. एक मिनिट बावन्न ऐकल्यावर तिने हात तोंडातून काढला. "ग्लोव्हज घाल," म्हणाली.

मी घातले. नियम माझाच. थाळी धरायला कुणी नव्हतं. तिने पहिला ठोसा पोटात घातला आणि मला वाटलं, अगं बाई, हिचा हात माझ्यापेक्षा जड झाला. मी हात खाली ठेवले. "मार ना!" ती किंचाळली. "मार! उभी काय राहतेस!" उजवा गालावर, डावा बरगडीत, पुन्हा बरगडीत. आतून काडी मोडावी तसं काहीतरी वाजलं. मी खाली बसले तर ती गुडघ्यावर येऊन मारत राहिली, चिंचोटीला मी मारत होते तशी. "मी रोज देवाला सांगत होते मला मार म्हणून! रोज! आणि तू शेजारी बसून चहा पीत होतीस!" मग तिला उलटी झाली, माझ्या मांडीवरच. मी तिची वेणी मागे धरून ठेवली. तिने धरू दिली.

दुसऱ्या दिवशी बॅग भरून ती फेबियन अंकलच्या टेम्पोत बसली. आता तुझ्याजवळ आहे. माझ्या बरगडीला चीर आहे, पट्टा बांधला आहे, खोकताना जीव जातो. हे तुला दया यावी म्हणून सांगत नाही. ती तिथे गप्प बसली असेल तर तुला कारण माहीत असावं म्हणून सांगते. तिला तुझ्या उजव्या बाजूला बसायला सांग, म्हणजे तुला ऐकू येईल.

ग्लोव्हजचा नियम संपला. त्याच्या जागी काय करायचं ते मला माहीत नाही. लोक कसं भांडतात घरात?

आई

२४ ऑगस्ट

निमू,

काल तू आलास, त्याबद्दल आज लिहिते.

दार उघडलं तर तू. मागे जिन्यावर बाबा, वर न येता थांबलेला. सात आठवड्यांत तू उंच झालास. मी नाव घेतलं तेव्हा तू मान वळवून उजवा कान माझ्याकडे केलास. ते तू अगदी सहज केलंस. आयुष्यभर तू माझ्याकडे असाच वळणार आहेस आणि मला ते दर वेळी दिसणार आहे.

मी "ये" म्हटलं. तू आत आला नाहीस. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणालास, "मला तुला एकदा मारायचंय."

मी सवयीने म्हणाले, "ग्लोव्हज आणते."

"नको. हातानेच."

अकरा वर्षं मी या घरात जे होऊ दिलं नाही ते तू मागितलंस. मी पुढे आले, हात मागे घेतले. कुठली बरगडी मोडली आहे हे तुला रेवाने सांगितलं असणार, कारण तू दुसरी बाजू निवडलीस. ते मी बघितलं. तू डोळे मिटलेस. ओठ हलत होते का, हे बघायचं धाडस मला झालं नाही. मग तू मारलंस, पोटात, सगळं अंग लावून. तुझ्या आयुष्यातला पहिला ठोसा.

तुझी मूठ बघितली मी, ती येत असताना. अंगठा चार बोटांच्या आत कोंबलेला, मनगट वाकलेलं. असं मारलं की समोरच्याला काही होत नाही, मारणाऱ्याचाच अंगठा मोडतो. पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हेच आधी शिकवते, आणि तुला तीन-तीनदा शेडमध्ये उभं करून कधी शिकवलं नव्हतं, कारण तू कधी मारलंच नव्हतंस. माझ्या जिभेवर आलं होतं, निमू. पुढच्या वेळी अंगठा बाहेर ठेव, मनगट सरळ. अख्खं वाक्य तोंडात तयार होतं. तू कळवळून हात काखेत दाबलास, डोळ्यांत पाणी, आणि माझ्याकडे बघत राहिलास. मी काय म्हणते ते बघायला थांबला होतास तू.

मी दात दाबून धरले.

तू जिना उतरून बाबाकडे गेलास. मी दार लावलं आणि तिथेच दाराला पाठ लावून बसले. मला इतकं रडू आलं की बरगडी पुन्हा मोडते की काय असं वाटलं.

अंगठा सुजला असेल. आजीला बर्फ लावायला सांग.

आई